साथीदाराची वही

गाण्याच्या बैठकीचे निमंत्रण छापले जाते, तेव्हा गवयाचे नाव ठळक अक्षरांत, छायाचित्रासह येते. त्याखाली बारीक टाइपात दोन नावे असतात; एक तबल्याचे, एक संवादिनीचे. कित्येकदा कागद अपुरा पडतो आणि त्या दोन नावांऐवजी ‘साथसंगत : नामवंत कलाकार’ एवढ्यावरच काम भागवले जाते. आम्ही गेली अडतीस वर्षे त्या बारीक टाइपात नांदत आलो आहोत. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण त्या टाइपामागे जो संसार असतो, तो रसिकांस क्वचितच ठाऊक असतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

आपले रागसंगीत हे मुळात खोलीतले संगीत. दिवाणखान्यात जाजम अंथरावे, वीस-पंचवीस जाणकारांनी भोवती बसावे, आणि गवयाचा श्वाससुद्धा ऐकू यावा, अशा अंतरावरून ते ऐकावे, हीच त्याची जुनी रीत. पाश्चात्त्यांकडेही असे खोलीतले संगीत आहे. दोन व्हायोलिने, एक व्हायोला व एक चेलो असे त्यांचे वादकचतुष्टय असते. लंडनचे अमेडियस चतुष्टय १९४७ साली उभे राहिले आणि त्यातील एक वादक १९८७ साली निवर्तला, तेव्हा उरलेल्या तिघांनी ते मिटवले. चाळीस वर्षे तीच चार माणसे! त्यांच्यापुढे लिहिलेली स्वरलिपी असे आणि तीच कृती ते वर्षानुवर्षे घोटत. आमचे नेमके उलटे आहे. गवई, तबलजी आणि आम्ही पुष्कळदा एकमेकांस प्रथम पाहतो ते रंगमंचामागच्या खोलीत, कार्यक्रमास दहा मिनिटे उरलेली असताना. “पट्टी कोणती?” “काळी एक.” “काय गाणार?” “बघू या, बसल्यावर सुचेल ते.” एवढ्या संभाषणावर पुढचे तीन तास उभे राहतात.

हे धाडस आम्ही शिकलो ते कोणत्याही विद्यालयात नव्हे, मोहगावात. आमचे मोहगाव सौंसर तालुक्यातले. १९५६ साली प्रांतांची फेररचना झाली, तेव्हा विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आमचा हा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर हे तालुके मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. सरकारी कागद हिंदीत, घरचे बोलणे वऱ्हाडी वळणाच्या मराठीत, मळे संत्र्यांचे आणि ओढा नागपूरकडे, अशी आमची स्थिती. गावात अर्धनारीश्वराचे देऊळ आहे. तेथल्या भजनात पेटीवर बसलेल्या मुलास कोणी पट्टी सांगत नाही. एक अभंग म्हणणारा पांढरी एकमध्ये, दुसरा काळी तीनमध्ये, तिसऱ्याची पट्टी त्याची त्यालाच ठाऊक नसते; आणि एखाद्या माउलीने मागून उंच स्वरात गजर उचलला की क्षणार्धात सगळे सूर नव्या घरात हलवावे लागतात. ज्याला हे जमले, त्याला पुढे कोणत्याही गवयाचे भय उरत नाही.

आता आमच्या वहीविषयी. तीत आम्ही तारीख, गाव, गायक, पट्टी, गाडी आणि मानधन असे रकाने आखले आहेत. दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतचा काळ भरगच्च. गेल्या पौषातला एक आठवडा वाचकांसमोर ठेवतो. सोमवारी सकाळी सहा शिकवण्या. दुपारी बसने नागपूर. संध्याकाळी एका गायिकेची साथ, पट्टी काळी चार. रात्री एक वाजता जेवण. मंगळवारी तेथेच एका ध्वनिमुद्रणासाठी चार तास बसून प्रत्यक्षात अकरा मिनिटे वादन. बुधवारी पहाटे पांढुर्ण्यास उतरून घर, आणि घरी येताच पेटीच्या भात्यास पडलेले छिद्र बुजवण्याची खटपट. गुरुवारी पुन्हा शिकवण्या. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने मुंबई. शनिवारी तेथे दोन कार्यक्रम, सकाळी एक व रात्री एक, गवई निराळे, पट्ट्या निराळ्या. रविवारी परतीचा प्रवास. ह्या सात दिवसांत स्वतःच्या रियाजासाठी किती वेळ मिळाला, तो रकाना वहीत नाही. असता, तर कोराच राहिला असता.

पेटीचे ओझे दहा-बारा किलोंचे. ती गाडीच्या डब्यात आसनाखाली ठेवावी तर पाण्याची भीती, वर ठेवावी तर पडण्याची. म्हणून ती मांडीशी घेऊन कित्येक रात्री काढल्या. तबलजीचे हाल त्याहून अधिक. त्याला दोन-तीन पट्ट्यांची दायी बरोबर वागवावी लागतात, कारण गायिकेच्या उंच पट्टीचा तबला गवयाच्या खालच्या पट्टीस चालत नाही. पावसाळी हवेत पुडी ढिली पडते, कडक उन्हात चढते. मग बिचारा हातोडी घेऊन गट्टे ठोकत बसतो आणि श्रोते घड्याळाकडे पाहू लागतात.

आणि मंचावर बसल्यावर करावयाचे काय? नेमके तेवढेच, जेवढे हवे. विलंबित एकतालाची लय फार संथ धरली, तर एक एक मात्रा चार-पाच सेकंदांची होते आणि बारा मात्रांचे आवर्तन मिनिटभर चालते. त्या मिनिटात तबलजीने ठेका तसूभरही हलू द्यावयाचा नाही. पेटीवाल्याने गवयाच्या मागोमाग सावलीसारखे चालावयाचे. पुढे गेला तर उद्धट, फार मागे राहिला तर अडाणी. गवयाचा श्वास संपेल तेथे त्याचा सूर धरून ठेवावयाचा आणि तो पुन्हा आला की अलगद सोडावयाचा. श्रोत्यांस हे कळू नये, हेच ह्या कामाचे यश.

आमच्या ह्या धंद्याचा इतिहास गोमंतकातील वाचकांस आमच्याहून जवळचा आहे. मंगेशीच्या सोमवारच्या पालखीपुढे गाणे-वाजवणे ऐकतच तेथील पिढ्या वाढल्या. देवळांच्या सेवेतून आलेल्या घराण्यांनी केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गायिका दिल्या, तसेच हातापायांनी निरनिराळ्या लयी एकाच वेळी दाखवणारे लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर दिले. बोरीस १९३४ साली जन्मलेले तुळशीदास बोरकर हे पी. मधुकरांचे शिष्य. त्यांनी पेटीच्या साथीस जे पावित्र्य दिले, त्याचा गौरव २०१६ साली पद्मश्रीने झाला, आणि २०१८ साली ते गेले, तेव्हा आमच्यासारख्या कित्येकांस पोरके वाटले.

पूर्वी साथीदारास महिन्याचा पगार मिळे, तो नाटक कंपन्यांत. गोविंदराव टेंबे यांनी १९११ साली ‘मानापमान’च्या चाली दिल्या आणि १९१३ साली बालगंधर्वांबरोबर गंधर्व नाटक मंडळी उभारली, ते मूळचे नामांकित पेटीवादकच. त्याच मंडळीत अहमदजान थिरकवाँसारखा तबलानवाज साथीस होता. बोलपट आले, कंपन्या मोडल्या आणि साथीदार रोजंदारीवर आला. त्यातच १९४० साली आकाशवाणीने पेटीस मज्जाव केला. आपल्या श्रुती तीत निघत नाहीत, हा आक्षेप. आणि तो अगदीच खोटा होता असे नाही. १९४८ साली नागपूर केंद्र सुरू झाले, तेही ह्या बंदीतच. ती १९७१ च्या सुमारास काही अंशी उठेपर्यंत पेटीवाल्यांच्या एका अख्ख्या पिढीस नभोवाणीचे दार बंद राहिले. त्यामुळे ‘ह्यावर पोट भरते काय?’ हा प्रश्न आमच्या व्यवसायात नवा नाही. नागपुरात वाढलेल्या वसंतराव देशपांडे यांच्यासारख्या लोकोत्तर गवयासही अनेक वर्षे लष्करी हिशेब खात्यात नोकरी करावी लागली.

हाच प्रश्न दोन वर्षांमागे आम्हांस आमच्याच अंगणात विचारला गेला. आमच्याकडे येणारा एक मुलगा तबला उत्तम वाजवू लागला होता. त्याला नागपूरच्या एका मोठ्या बैठकीचे बोलावणे आले, आणि रात्र नेमकी महाशिवरात्रीची. मोहगावच्या भजनास तबल्यावर त्याच्यावाचून दुसरे कोणी नव्हते. त्याचे वडील संत्र्याचे बागायतदार. ते येऊन ओट्यावर बसले. “गुरुजी, देवाची सेवा सोडून पोराले जाऊ द्याव का? अन् हे वाजवून पोट तरी भरते का? बगीच्याचा एक बहार गेला तं दुसरा येते. याचा हात गेला तं काय येईन?”

आम्ही त्यांच्यापुढे आमची वही उघडली. दिवाळी ते महाशिवरात्र पाने गच्च, चैत्रात बरी, वैशाखात लग्नसराईमुळे कमी, आषाढात जवळजवळ कोरी, भाद्रपदात पुन्हा गर्दी. कोणत्या महिन्यात घर बैठकींवर चालले आणि कोणत्या महिन्यात शिकवण्यांवर, तेही दाखवले. आमचा डावा खांदा भाता हलवून हलवून दुखतो आणि डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे, हेसुद्धा लपवले नाही. त्यांनी पाने सावकाश उलटली आणि म्हणाले, “गुरुजी, तुम्ही झाडाले दोन्ही बहार घेऊन राहिले. आमी आंबिया धरला तं मृग सोडून देतो. दोन्ही घेतले तं झाड मरते.”

अडतीस वर्षांत आमच्या कामाविषयी इतके नेमके वाक्य आम्हांस कोणी सांगितले नव्हते. बहार धरण्यासाठी झाडाचे पाणी तोडून त्याला ताण द्यावा लागतो, हे त्या मुलखात शेंबडे पोरही जाणते. कलावंताचा तो ताण म्हणजे कोणासाठीही न वाजवण्याचे दिवस. तेव्हाच रियाजाला पालवी फुटते. आम्ही मात्र वहीतले कोरे पान म्हणजे नुकसान, असेच मोजत आलो होतो.

मुलास आम्ही नागपूरला पाठवले. देवळात त्याच्या जागी आमच्याकडची अकरा वर्षांची एक मुलगी बसली. तिला भजनी, केरवा आणि दादरा हे तीनच ठेके पक्के येत. मंडळातले वडीलधारे कुरकुरले. पण ती रात्री नऊपासून साडेबारापर्यंत बसली आणि एकदाही लय सांडली नाही. मुलाचे वडील खांबाला टेकून सारा वेळ ऐकत होते. उठताना म्हणाले, “पोरगी बसली, देवाचं काई अडलं नाई. मंग माह्या पोराचंच मी काऊन अडवू?”

तिकडे मुलापुढे अतिविलंबित झुमरा आला आणि त्याने तो सांभाळला. पाकीट मात्र ठरल्याहून हलके निघाले, आणि प्रवासखर्चाचा विषय आयोजकांनी काढलाच नाही. तो हिरमुसून परतला. आम्ही त्यास एक कोरी वही दिली आणि तीत दोन रकाने जास्तीचे आखून दिले : ‘ठरले’ आणि ‘मिळाले’. सध्या तो आठवड्यातले तीन दिवस एका शाळेत संगीत शिकवतो, उरलेले दिवस साथीला जातो. त्याच्या वडिलांच्या हिशेबाने हा दुसरा बहार नव्हे. हे झाडाच्या मुळाशी घातलेले खत.

आमच्यापुरते म्हणाल, तर आषाढ-श्रावणात पैशाने ठरलेला एकही कार्यक्रम आम्ही आता घेत नाही. पहिल्या वर्षी सौभाग्यवतीच्या चेहऱ्यावर काळजी दिसली. महिन्याचे वाणसामान उधारीवर आले. दुसऱ्या वर्षी तिनेच ती पाने आधी दुमडून ठेवली. खांदा पूर्ण बरा झालेला नाही. पण पहाटे दोन तास आम्ही पुन्हा मारव्याचा कोमल ऋषभ शोधीत बसतो. पेटीत तो हवा तसा मिळणार नाही, हे ठाऊक असूनही.

देवस्थानांच्या उत्सवसमित्यांतून काम करणाऱ्या वाचकांस एवढीच विनंती की, साथीदारास बोलावताना आकडा आधी सांगावा, परतीच्या गाडीची सोय पाहावी आणि जेवणाचे ताट बैठकीच्या आधी वाढावे. टाइप बारीक असला तरी चालेल. नाव तेवढे छापावे. ती अकरा वर्षांची मुलगी आता तेरा वर्षांची झाली आहे. झुमरा केव्हा शिकवणार, म्हणून ती आमच्या मागे लागली आहे. येत्या आषाढात, असे आम्ही तिला सांगितले आहे.