दुसऱ्या वर्षाची भाषा

परकी भाषा शिकणाऱ्याचे पहिले वर्ष नामांचे असते आणि दुसरे क्रियापदांचे. पहिल्या वर्षी पाव, पाणी, आई, बाप, वार आणि महिने यांची नोंद होत जाते, रोजच्या हजेरीबरोबर शब्दांचा संग्रह वाढतो, आणि याच गतीने चालत राहिलो तर एके दिवशी सारी भाषा आपल्या दप्तरी दाखल होईल, असा विश्वास विद्यार्थ्याला वाटू लागतो; दुसऱ्या वर्षी मात्र भाषा वस्तूंची नावे विचारणे सोडते आणि बोलणाऱ्यालाच प्रश्न करू लागते, की तू सांगतोस ती गोष्ट घडून संपली की घडत असे, ती तुला निश्चित ठाऊक आहे की ती तशी व्हावी अशी तुझी केवळ इच्छा आहे. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये स्पॅनिशचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पुरा करून पदविकेच्या वर्गात रुजू झालो, तेव्हा या प्रश्नांची उत्तरे मला इंग्रजीत सापडेनात, आणि ज्या मराठीत ती सापडली ती मला कोणत्याही शाळेने शिकवलेली नव्हती.

याचे कारण आमच्या मुलखाच्या इतिहासात आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्याकडे गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात कायम राहिला, आणि त्याच्या दक्षिणेकडचा सौसर-पांढुर्ण्याचा मराठी प्रदेशही त्याच्याबरोबर सरहद्दीच्या त्या अंगाला राहिला. २०२३ साली या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. कापसाच्या आणि संत्र्याच्या या पट्ट्यात घरचे बोलणे, भांडण, भजन, जामसावळीच्या हनुमंताला बोललेला नवस, सारे मराठीत. कचेरीतला अर्ज, शाळेतला धडा आणि परीक्षेतली उत्तरपत्रिका हिंदीत. हिंदीने मला पुष्कळ दिले आणि तिच्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु मराठीचे व्याकरण म्हणून काही असते, तिच्या क्रियापदांना काळ आणि अर्थ यांची सूक्ष्म व्यवस्था असते, हे ज्ञान माझ्यासारख्या अनेकांना ती भाषा जन्मापासून बोलत असूनही झाले नव्हते.

वर्गातले पुस्तक स्पॅनिश समजावी ती इंग्रजीच्या द्वारे. ‘मे गुस्तान लास नारांखास’ हे वाक्य आले तेव्हा इंग्रजीच्या वाटेने आलेल्या माझ्या सहाध्यायांना मोठा वळसा घ्यावा लागला, कारण त्या वाटेवर ज्याला आवडतात तो माणूस कर्ता असतो आणि संत्री कर्म. स्पॅनिशमध्ये संत्री कर्त्याच्या आसनावर बसतात, क्रियापद त्यांच्या वचनाप्रमाणे बदलते आणि माणूस ‘मला’ होऊन बाजूला उभा राहतो. मला संत्री आवडतात. हे वाक्य पांढुर्ण्याचे लेकरू शाळेत जाण्यापूर्वी बोलते. रचनेचे हे साम्य योगायोगाचे असेल. त्यावरून दोन भाषांचे काही विशेष नाते सिद्ध होते असे मी म्हणणार नाही. ‘असणे’ या एका क्रियेसाठी स्पॅनिशमध्ये जी दोन क्रियापदे आहेत, त्यांच्या विभागणीत मराठी थोडेसेच साहाय्य करते आणि पुढे हात सोडून देते. तेथे निव्वळ अभ्यासालाच शरण जावे लागते.

भूतकाळाच्या दोन रूपांनी मात्र मला फार दिवस गुंतवून ठेवले. आपापल्या गावच्या उत्सवाचे वर्णन लिहून आणण्याचा पाठ मिळाला तेव्हा मी अर्थातच आमच्या पांढुर्ण्याच्या गोटमारीविषयी लिहिले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा असतो, आणि एका काठावरून पांढुर्णा व दुसऱ्या काठावरून सावरगाव परस्परांवर दगड फेकतात. पाणी वाहत होते, पळस उभा होता, ढोल वाजत होते, चंडीमातेचा घोष चालू होता, ही सारी पार्श्वभूमी अपूर्ण भूतकाळात सहज लिहून झाली. झेंडा खाली आला, हे पूर्ण भूतकाळात. या दोहोंमध्ये जखमी माणसांचे वाक्य होते. ते ‘होत असत’ असे लिहावे, की ‘झाले’ असे लिहावे? दोन्ही खरे होते, आणि व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही निर्दोष होते. परंतु पहिल्या रूपात ते रक्त परंपरेच्या प्रवाहात मिसळून जाते, वर्षानुवर्षे चालत आलेल्या शिरस्त्याचा एक भाग होते. दुसऱ्या रूपात ते एका विशिष्ट वर्षी, एका विशिष्ट माणसाच्या कपाळातून येते, आणि त्याची आई घरी वाट पाहत असते. या खेळात माणसे प्राणासही मुकली आहेत. आम्ही गावकरी गोटमारीविषयी बोलताना नेहमी पहिले रूप वापरतो, हे मला त्या वहीवर झुकलेलो असताना प्रथम जाणवले. मी दुसरे लिहिले.

त्याच पाठाने आजीच्या बोलीकडे माझे लक्ष वळवले. ‘बुवा सांगे’, ‘माय जाये’, ‘लोक म्हने’ अशी तिची भूतकाळातली रूपे शहरात गेल्यावर आम्ही अडाणी समजून टाकून दिली होती. मराठी व्याकरणाचे पुस्तक उघडले तेव्हा तीच रूपे ‘रीतिभूतकाळ’ या भारदस्त नावाखाली सन्मानाने बसलेली आढळली. स्पॅनिशचा अपूर्ण भूतकाळ ज्या कामी येतो त्यातले अर्धे काम आजी त्या एका प्रत्ययाने करी.

आणि विध्यर्थ. ‘किएरो के वेंगास’ म्हणजे तू यावेस अशी माझी इच्छा आहे. मराठी आणि स्पॅनिश यांचे येथे सर्वत्र जमते असे नाही. ‘तो येईल असे वाटत नाही’ येथे मराठी भविष्यकाळ घेते आणि स्पॅनिश संशयाचाही विध्यर्थ करते. परंतु इच्छा, विनंती आणि आदरपूर्वक सांगणे या प्रांतात दोन्ही भाषा एकाच मार्गाने चालतात, आणि येथे मला पांडुरंग खानखोजे यांचे स्मरण होते. वर्ध्याचा हा पुरुष, गदर चळवळीच्या संस्थापकांपैकी एक, अमेरिकेत कृषिविद्या शिकून १९२४ च्या सुमारास मेक्सिकोत पोहोचला, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात अध्यापक झाला, मक्याच्या वाणांवर संशोधन करू लागला आणि गरीब शेतकऱ्यांसाठी त्याने मुक्त कृषिशाळा काढल्या. दिएगो रिवेराने शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्याला पाव वाटताना रंगवले. तीना मोदोत्तीने त्याच्या कणसांची छायाचित्रे घेतली. १९६७ साली त्याने नागपुरात देह ठेवला. त्याच्या क्रांतिकार्यावर पुष्कळ लिहिले जाते. मला त्याचे स्पॅनिश आकर्षित करते. ज्या मक्याने आज छिंदवाड्याची शेते भरली आहेत तो मूळचा मेक्सिकोचा, आणि त्या मक्याच्या मायदेशी मक्याविषयी शेतकऱ्यांना सांगण्याची वेळ एका वऱ्हाडी मुलखातल्या माणसावर आली. अनोळखी वडीलधाऱ्या शेतकऱ्याला स्पॅनिशमध्ये आदराने ‘पेरा’ म्हणायचे तर ‘सिएंब्रे’ म्हणावे लागते, आणि ते रूप विध्यर्थाचे आहे. बी असे पेरावे, कणीस असे निवडावे, या त्याच्या घरच्या मराठीतल्या सांगण्याच्या रीतीशी ते रूप किती जवळचे होते, हे ध्यानात आले की तो परमुलखात कसा रुजला असेल याची थोडी कल्पना येते.

म्हणून एक दरखास्त करावीशी वाटते. ज्याला दोन्ही भाषा चांगल्या अवगत आहेत अशा कोणी मराठी विद्यार्थ्यांसाठी स्पॅनिशचे व्याकरण मराठीतून लिहावे. त्यात रीतिभूतकाळाच्या प्रकरणाला वऱ्हाडी आजीची वाक्ये घ्यावीत, विध्यर्थाच्या प्रकरणाला पेरणीची घ्यावीत, आणि त्याच्या काही प्रती सौसर-पांढुर्ण्याच्या महाविद्यालयांकडेही धाडाव्यात, जेथे मराठी घरी बोलून हिंदीत परीक्षा देणारी मुले अजून बसली आहेत.