माधव नगरची शिक्षा

माझी आत्या लग्न होऊन बेळगावहून उज्जैनला गेली त्याला आता पन्नास वर्षं झाली. शिंद्यांची राजधानी १८१० मध्ये तिथून ग्वाल्हेरला हलली, पण मराठी घरं राहिली. त्यांतल्याच एका घरची ती सून, माधव नगरात राहते. तिची मराठी ऐकताना आम्हाला गंमत वाटते. ‘नातवाची शिक्षा पूर्ण होत आली,’ असं तिने फोनवर सांगितलं, की आमच्याकडे क्षणभर सगळे गप्प! मराठीत शिक्षा म्हणजे दंड, कन्नडमध्ये ‘शिक्षे’ म्हणजेही तेच. हिंदीत मात्र शिक्षण.

गेल्या दिवाळीच्या सुटीत तिच्याकडे गेलो, तर नातवाने २०१८ मध्ये घेतलेला कॉम्प्युटर उघडून बसवलेला. जुना रायझन काढून त्याच सॉकेटमध्ये रायझन ७ ५८००एक्स घालायचा होता. पोरगा हुशार. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच त्याने बायोस अपडेट करून घेतलं होतं. हे राहिलं, तर बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखतच नाही.

अडलं ते पॉवर सप्लायपाशी. बोर्डावर प्रोसेसरच्या विजेसाठी आठ पिनांची जागा आणि जुन्या पेटीला चारच पिनांची वायर. आठांच्या जागेत चार बसतात, साध्या प्रोसेसरचं भागतंही. पण हा ताणाच्या वेळी १४२ वॅटपर्यंत घेतो. मी मराठीचा प्राध्यापक असलो तरी भागाकार येतो. १४२ ला १२ व्होल्टने भागलं की जवळजवळ बारा अँपिअर होतात. चार पिनांत ते नेणाऱ्या तारा दोन, आठांत चार. जुन्या, हलक्या पेटीवर एवढा भार नको म्हणून नातवाने मित्राकडून मोठी पेटी आणली होती. वापरलेली, पण चांगली. वायरी वेगळ्या काढता येणारी. एक वायर तेवढी कमी, हार्डडिस्कची.

शेजारच्या मुलाकडे दुसऱ्या कंपनीच्या पेटीची तशीच वायर पडून होती. नातू घुटमळला. मीच म्हटलं, ‘अरे, बसतेय ना? लाव.’

बटण दाबलं. पंखा जरासा हलला आणि थांबला. पुन्हा तेच. डिस्कची वायर काढली तेव्हा मशीन मुकाट सुरू झालं. नातवाचा चेहरा उतरला. आत्याचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले; शेवटच्या काळात त्यांनी घरातल्या जुन्या गोष्टी संध्याकाळी बसून रेकॉर्ड केल्या होत्या. त्या या डिस्कवर होत्या, दुसरीकडे कुठेही नाहीत. आत्या आत पोहे परतत होती. तिला काही न सांगता आम्ही दोघे डिस्क, पेटी, वायर घेऊन फ्रीगंजला गेलो.

दुकानदाराने वायरीत मल्टीमीटरच्या सुया घातल्या. पाच व्होल्ट हवे तिथे बारा येत होते. तो म्हणाला, डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखंच असतं. पेटीकडच्या टोकाला मात्र कंपनी आपल्या मनाने पिनांचा क्रम लावते. आकार तोच, क्रम निराळा. मला आत्याची ‘शिक्षा’ आठवली.

नशीब एवढंच, की डिस्कच्या बोर्डावर एक चिमुकला डायोड असतो. व्होल्टेज वाढलं की तो स्वतः शॉर्ट होतो, पेटी बंद पडते आणि पुढचं बहुधा वाचतं. दुकानदाराने तो काढला, योग्य वायर लावली आणि डिस्क घुर्र करून फिरायला लागली. आता हिला राखणदार नाही, आधी कॉपी काढा, असं त्याने बजावलं. आम्ही दोन काढल्या. शेजारची वायर परत देण्याआधी नातवाने तिला चिठ्ठी चिकटवून पेटीचं नाव लिहिलं.

घरी आल्यावर आत्याला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘लाव बरं एक.’ रेकॉर्डिंगमध्ये यजमान एक साल चुकीचं सांगत होते आणि मागून आत्या ते दुरुस्त करत होती. समोर बसून ऐकतानाही तिने ते केलंच.