घाटाखालचं माहेर

माझी भाची शिकायला स्पेनमध्ये आहे. गेल्या दिवाळीत तिनं पेनिस्कोला नावाच्या एका गावाचे फोटो पाठवले. भूमध्य समुद्रात घुसलेला खडक, त्यावर सातशे वर्षांपूर्वीचा किल्ला, पायथ्याशी पांढरी घरं, बाजूला वाळूचा लांबलचक पट्टा आणि मागं झाडीनं भरलेले डोंगर. मी फराळाची ताटं तशीच ठेवून बघत बसले. “अशी गावं बघायला नशीब लागतं,” मी म्हटलं.

सासूबाईंनी चष्मा लावला, फोटो नीट न्याहाळले आणि म्हणाल्या, “अगं, हे तर आमच्या मालवणासारखंच की!”

मैत्रिणींनो, त्या ‘आमच्या’ शब्दानं मी चपापले. सासूबाईंचं माहेर मालवणजवळच्या एका वाडीतलं. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन त्या घाट चढून कोल्हापूरला आल्या. आईवडील गेले, भाऊ मुंबईला स्थायिक झाला, घराला कुलूप लागलं आणि त्यांचं जाणं थांबलं ते थांबलंच. मी कधी विषय काढला, की त्यांचं एकच उत्तर, “आता तिथं कोण आहे?” मला वाटायचं, त्यांना जायचं नाही. सोळा वर्षं मी त्या प्रश्नाला नकार समजत आले!

त्या रात्रीच मी ह्यांच्याशी बोलले आणि जानेवारीत शाळेला जोडून सुट्टी आली तेव्हा आम्ही चौघं निघालो. मी, हे, आमची सहावीतली मुलगी आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या आई.

कोल्हापूरहून मालवणला जायला दोन मुख्य वाटा आहेत. एक गगनबावड्यावरून, दुसरी राधानगरी-दाजीपूर करून फोंडा घाटानं. आम्ही दुसरी धरली. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी बांधायला घेतलं आणि गावाला आपल्या मुलीचं, राधाबाईंचं नाव दिलं, हे मी वर्गात नेहमी सांगते. पण ते पाणी डोळ्यांनी बघताना वेगळंच वाटतं. पुढं दाजीपूरचं गव्यांचं जंगल लागतं. पश्चिम घाटातल्या ज्या ठिकाणांना 2012 साली जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यात राधानगरीचं अभयारण्यही आहे. आम्हाला गवा काही दिसला नाही, पण गाडीची काच खाली करताच आलेला तो ओला, गार वास अजून आठवतो. घाट उतरताना हवा बदलली. ऊस मागं राहिला, काजू आणि माड सुरू झाले. आई खिडकीला नाक लावून बसल्या होत्या, मुलीपेक्षाही लहान होऊन.

मालवणला पोचल्यावर मात्र माझ्यातली शिक्षिका जागी झाली. शाळेच्या तासांसारखं मी वेळापत्रकच केलं होतं. नऊला किल्ला, बाराला जेवण, दोनला रॉक गार्डन, चारला तारकर्ली! दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर आई म्हणाल्या, “तुम्ही जाऊन या. माझे गुडघे होडीत चढायचे नाहीत. मी इथंच बसते.” मला थोडा रागच आला. ज्यांच्यासाठी आलो, त्याच बसून राहणार!

सिंधुदुर्ग किल्ला धक्क्यावरून समोरच दिसतो. होडीनं थोड्याच वेळात पोचता येतं. 25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याच्या बांधकामाला सुरुवात केली. त्या वेळी पूजा झाली तो मोरयाचा धोंडा आजही किनाऱ्यावर दाखवतात. किल्ल्याचं दार तटबंदीच्या वळणात असं लपवलं आहे, की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. आत गेल्यावर चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे आहेत. ते महाराजांचे मानतात. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिरही इथं आहे. मला सगळ्यात नवल वाटलं ते विहिरींचं. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चहूकडे खारं पाणी आणि मधोमध गोड्या पाण्याच्या तीन विहिरी! ज्या घरात दोन दिवस नळ आला नाही की आपला जीव कासावीस होतो, त्या घरातल्या बाईलाच या विहिरींची किंमत कळेल.

आणखी एक गोष्ट सांगते, खास कोल्हापूरच्या मैत्रिणींसाठी. हा किल्ला बराच काळ आपल्या करवीर राज्याचा होता. 1760 साली संभाजी महाराज वारल्यावर राणी जिजाबाईंनी दत्तक मुलाच्या नावानं पन्हाळ्यावरून राज्य चालवलं. 1765 साली इंग्रजांनी किल्ला घेतला आणि त्याचं नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ ठेवलं. पण जिजाबाईंच्या अमदानीतच, पुढच्याच वर्षी तह होऊन तो कोल्हापूरला परत मिळाला. 1812 च्या तहात मात्र मालवण आणि सिंधुदुर्ग इंग्रजांकडे गेले, ते कायमचे. म्हणजे आपल्या कोल्हापूरलाही एके काळी समुद्र होता! तटावर उभी राहून मी हे मुलीला सांगत होते आणि पलीकडे धक्क्यावर पांढऱ्या पातळातला एक ठिपका दिसत होता.

परतलो तेव्हा तो ठिपका एका मासे विकणाऱ्या बाईशी गप्पा मारत होता. तिनं विचारलं होतं, “आये, खंयसून इलास?” आणि आमच्या आई, ज्यांच्या तोंडून मी मालवणी शब्द कधी ऐकला नव्हता, तिला सांगत होत्या, “हंयचीच गे मी. माका कोल्हापुराक दिल्यानी.” मी इथलीच, मला कोल्हापूरला दिली. पंचावन्न वर्षांचा संसार, पण ओळख सांगताना त्यांनी ती अशी सांगितली. माझं वेळापत्रक मी तिथंच पर्समध्ये ठेवून दिलं.

पुढचे दोन दिवस आम्ही आई म्हणतील तसे राहिलो. पहाटे किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली. समुद्रात लांब सोडलेलं जाळं दोन्हीकडून माणसं ओढत आणतात. आईंनी आमच्या मुलीला दोराला हात लावायला पाठवलं, तिला मूठभर मासळी मिळाली आणि ती दिवसभर ‘माझी कमाई’ म्हणून मिरवली. संध्याकाळी तारकर्ली आणि पुढं देवबागला गेलो. तिथं कर्ली नदी समुद्राला मिळते; एका बाजूला शांत खाडी, दुसरीकडे लाटा आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. माहेरचं घर बघायला आई तयार नव्हत्या. शेवटच्या दिवशी स्वतःच म्हणाल्या, “चला.” कुलूप गंजलं होतं, अंगणात गवत माजलं होतं. त्या पायरीवर पाच मिनिटं बसल्या, पदरानं पायरी झाडली आणि उठल्या. रडल्या नाहीत. रडले ती मीच.

तुम्हाला जायचं असेल तर काही उपयोगाच्या गोष्टी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात. घाटात मुलांना मळमळतं, तेव्हा आलेपाक जवळ ठेवा. सुती साड्या न्या. खाऱ्या वाऱ्यानं रेशमी कपडे चिकट होतात. पुष्कळ घरांतून राहण्याजेवणाची सोय होते. अशा घरीच उतरा, म्हणजे तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी मिळेल. शाकाहारी असाल तर काळ्या वाटाण्याची उसळ, घावणे आणि सोलकढी आहेच. आपल्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची सवय असलेल्यांनी आमटी फिकी म्हणून नाक मुरडू नये! पाण्यात उतरण्यापूर्वी गावच्या माणसाला विचारा. आणि किल्ल्याभोवतीचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, पाण्याखाली प्रवाळ आहेत. मुलांना ते तोडू देऊ नका, प्लॅस्टिकच्या पिशव्या परत आणा. तो किनारा कुणाचं तरी माहेर आहे.

निघताना आईंनी बाजारातून तीन किलो खाजा घेतला. आलं-गुळाचा, खमंग. “एवढा कशाला?” हे म्हणाले. आई काही बोलल्या नाहीत. कोल्हापूरला आल्यावर दुसऱ्या दिवशी पुड्या बांधून त्या गल्लीतल्या प्रत्येक घरी गेल्या. मी बरोबर होते. प्रत्येक दारात त्यांनी एकच वाक्य म्हटलं, “घ्या, माहेराहून आणलंय.”

मैत्रिणींनो, तुमच्या घरातही कुणी “आता तिथं कोण आहे?” म्हणत असेल. माझ्यासारखी सोळा वर्षं घालवू नका. पुन्हा एकदा विचारून बघा.