दोष झडपेचा

पुणेकराला पाणी ठाऊक असते ते नळाचे. आमच्या अप्पांना पुराचेही ठाऊक आहे. 1961 साली, 12 जुलैला, पानशेत आणि खडकवासला ही दोन्ही धरणे फुटली तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. नारायण पेठेतल्या वाड्याच्या जिन्याची एकेक पायरी चढत येणारे पाणी त्यांनी पाहिले आहे. अजूनही लकडी पुलावरून जाताना ते खाली बघत नाहीत.

अशा माणसाला शिडाच्या होडीत बसवण्याचे धाडस माझ्या भाच्याने केले. तो गोव्यात नोकरीला असतो. मित्रांबरोबर भागीत त्याने एक जुनी होडी घेतली आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पणजीहून निघालो आणि मांडवीचे मुख ओलांडून खुल्या समुद्रात आलो. अप्पा खुशीत होते. दुपारनंतर मात्र एकाएकी गप्प झाले. चहा नको, सरबत नको, घोटभर पाणीसुद्धा नको!

संध्याकाळी भाचा होडीतल्या संडासातून कपाळाला हात लावून बाहेर आला. "मामा, भांडं भरत चाललंय. कुणी काही टाकलं का आत?" वर हसत हसत त्याने एक हकिकत सांगितली. 1945 साली यू-1206 नावाच्या जर्मन पाणबुडीत संडास वापरताना काही चुकले, समुद्र आत शिरला आणि अखेर ती पाणबुडी बुडवावी लागली. मी हसलो. अप्पा हसले नाहीत. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मी कादंबऱ्या लिहिणारा मास्तर; माझे विज्ञान मॅट्रिकला संपले. तरी बॅटरी धरून भाच्यामागे उभा राहिलो. हा संडास म्हणजे एक हातपंपच. एक नळी समुद्राचे पाणी आत आणते, दुसरी मैला बाहेर नेते, दोन्हींना तोट्या. भाच्याने भांडे उपसून आत येणाऱ्या पाण्याची तोटी बंद केली. आम्ही थांबलो. पाणी तरीही चढू लागले, आणि तेही गढूळ. "म्हणजे बाहेर ढकललेलंच परत येतंय," तो म्हणाला. मग त्याने दुसरी तोटीही बंद केली. ती उघडी ठेवून सांधा सोडला, तर समुद्रच पाहुणा यायचा! आत बदकाच्या चोचीसारखी रबराची झडप निघाली. पाण्याला जाऊ द्यायचे, येऊ द्यायचे नाही, एवढेच तिचे काम. खारे पाणी आणि लघवी यांचा चुन्यासारखा थर तिच्यावर बसला होता. तो व्हिनेगरने सुटतो. पण रबरच ताठरले होते, चोच मिटत नव्हती. भाच्याने नवी झडप बसवली.

मी अप्पांजवळ जाऊन बसलो. "अप्पा, झडप जुनी झाली होती. दोष तिचा."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "दुपारी मी दांडा हलवला आणि पाणी वर यायला लागलं. वाटलं, माझ्या हातून पोरं बुडणार."

वर्गात काही मोडले, की मी आधी विचारतो, "कुणी केलं?" काय बिघडले, हे नंतर. त्या संध्याकाळी मला माझीच लाज वाटली.

भाच्याने सरबत आणले. अप्पा दोन पेले प्याले. थोड्या वेळाने उठून आत गेले. आम्ही श्वास रोखून पंपाचे ठोके मोजत बसलो. चांगले वीस झाले. अप्पा धोतर सावरत बाहेर आले आणि म्हणाले, "गेलं हो! परत नाही आलं."