डायल टोन

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात फोन आला तेव्हा मी दहावीत होतो. बाबांनी नंबर लावून सात वर्षं वाट पाहिली होती. काळा, तबकडीचा, उचलायला चांगलाच जड. पुण्याचा कोड तेव्हा ०२१२ होता. पुढे तो ०२० झाला आणि आमचा सहा आकडी नंबर वाढत वाढत आठ आकड्यांवर गेला. नागपूरच्या आत्याला फोन करायचा तो रात्री अकरानंतर, एसटीडीचा दर पाव झाला की. तोवर घड्याळाकडे बघत सगळे जागे.

लाइट गेली तरी तो फोन चालायचा. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांची ४८ व्होल्टची वीज फोनच्याच तांब्याच्या तारेतून घरापर्यंत यायची. बाबांच्या छातीत दुखू लागलं त्या रात्री पेठेत अंधार होता. आईने मेणबत्ती धरली आणि मी डॉक्टरांचा नंबर फिरवला.

अलीकडे ती तार सारखी मरू लागली. कुठेतरी रस्ता खोदला जायचा, केबल तुटायची, की पंधरा-पंधरा दिवस फोन मुका. मोबाइल आहे ना, असं मी म्हणून पाहिलं. आई म्हणाली, "अरे, बाबांच्या मित्रांकडे हाच नंबर आहे."

मग स्वस्तात काय जमतंय ते शोधलं. भाऊ अमेरिकेत, त्याच्याशी व्हॉट्सॲपवर फुकट बोलणं होतंच. बीएसएनएलने २०१८ मध्ये 'विंग्ज' आणलं होतं, वर्षाला १०९९ रुपयांत इंटरनेटवरून फोन. पण त्यात नंबर नवा आणि हाताळायचं ते ॲप. आईचं बोट काचेवर ठरत नाही. शेवटी फायबर घेतलं. इंटरनेट घरात हवंच होतं, त्याच बिलात फोन आला, आणि तांब्यावरचा नंबर तसाच फायबरवर नेता आला.

जोडणीला आलेल्या मुलाने बटणांच्या फोनची वायर मोडेममध्ये खोचली. टोन आला, नंबर काही लागेना. त्याने फोन उलटा केला. पोटाला नखाएवढा खटका, एकीकडे 'पी', म्हणजे तबकडीसारखा पल्स, दुसरीकडे 'टी', म्हणजे बटणांचा टोन. तो 'टी'वर सरकवला आणि नंबर लागला.

मोडेमला मात्र घरची वीज लागते. म्हणून छोटा यूपीएस आणून जोडला. घरात म्हातारं माणूस असेल तर हा खर्च कुणी टाळू नये.

परवा गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली. आईने रिसीव्हर कानाला लावला, क्षणभर ऐकलं, आणि कोथरूडच्या मावशीचा नंबर दाबला.

"लाइट नाहीये गं आमच्याकडे. तुमच्याकडे आहे?"