रुपयांचा रकाना

परदेशीं गेलेल्या मनुष्याचें पोट भरलेंच, अशी आमच्या कुहीची समजूत आहे. तींत कुहीकरांचा दोष नाहीं. जो जातो तो गांवीं परत येतो तेव्हां मुलांसाठीं चॉकलेटें आणतो, चार दिवस राहतो, आणि खर्चाविषयीं अवाक्षर काढीत नाहीं. आम्हीही गेल्या दिवाळींत असेंच केलें. त्या वेळीं जें बोलावयाचें राहून गेलें तें आज लिहून टाकावें म्हणतों.

आम्ही विज्ञानाचे शिक्षक. कुही तालुक्यांतील एका विनाअनुदानित शाळेंत आम्हीं अकरा वर्षें शिकविलें. ‘विनाअनुदानित’ या शब्दाचा अनुभव ज्यांस नाहीं ते वाचक सुखी होत. अशा शाळेंत शिक्षकाचें नांव हजेरीपत्रकावर रोज असतें. पूर्ण पगाराच्या पत्रकावर तें कधीं उमटेल, हें मात्र अनुदानाच्या मुहूर्तावर अवलंबून राहतें. पुढें एका दुसऱ्या संस्थेंत कायमची जागा निघाली. तेथील मुलाखतींत प्रकाशाच्या अपवर्तनाविषयीं आम्हांस एकही प्रश्न आला नाहीं. संस्थेच्या इमारतनिधीस आपण काय द्याल, एवढेंच विचारण्यांत आलें. वडिलांचें दोन एकर मिरचीचें रान गहाण टाकल्यावांचून ती रक्कम उभी राहणारी नव्हती. वडील तयार होते. आम्हीं बाणेदारपणें नकार दिला, आणि दोनच वर्षांनीं तेंच रान गहाण टाकून विलायतेस गेलों! या दोन व्यवहारांत नैतिक भेद आहे, अशी आम्हीं मनाची समजूत घातली. भेद आहेही, पण सातबाऱ्यावर दोन्ही बोजे एकाच शाईनें चढतात.

गेलों म्हणण्यापेक्षां नेले गेलों, हें म्हणणें अधिक खरें. आमच्या सौभाग्यवती परिचारिका. इंग्लंडांतील एका रुग्णालयानें त्यांस बोलाविलें, आणि त्यांच्या परवान्याच्या आधारानें ‘अवलंबित’ या सदराखालीं आम्ही व आमची कन्या २०२३ सालीं लेस्टर शहरीं उतरलों. आजवर ज्यांस आम्ही गृहिणी म्हणत होतों त्या पहांटे कामावर जात, आणि आम्ही कन्येची वेणी घालीत असूं. वेणी वांकडी होई.

तथापि आमचा भरंवसा दांडगा होता. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीपासून इंग्लंडच्या सरकारनें भारतासह नऊ देश-प्रदेशांतील शिक्षकांस आपल्या मूळच्या पदवीवरच तेथील शिक्षकपात्रतेसाठीं अर्ज करण्याची मुभा दिली होती. भारतीयांस गणित, विज्ञान व भाषा एवढ्याच विषयांपुरती. लंडनबाहेर नव्या पात्र शिक्षकाचें वेतन त्या सप्टेंबरपासून वर्षाला ३०,००० पौंड झालें. आम्हीं त्यास शंभरानें गुणिलें आणि त्या रात्रीं शांत झोंप लागली. भागाकार करावयाचें मात्र सुचलें नाहीं.

पात्रता निराळी आणि नोकरी निराळी, हें लौकरच कळलें. विद्यापीठाचीं प्रमाणपत्रें, पोलिसांचा दाखला, आणि आम्हीं खरोखरच शिकविलें होतें असें जुन्या शाळेचें पत्र, हीं सर्व जमवितांना तीन महिने गेले. मुलाखतींत विचारीत, “मूल ऐकेनासें झालें तर आपण काय कराल?” कुहीस आमच्या नुसत्या डोळे वटारण्यानें भागत असे; हें उत्तर तेथें चालण्यासारखें नव्हतें. अखेर प्रथम वर्गसाहाय्यक, आणि मग रजेवरील शिक्षकाच्या जागीं दैनिक वेतनावर बदली, असें काम मिळालें. पहिल्या दिवशीं वर्गांत शिरून मुलें उठून उभीं राहण्याची आम्ही क्षणभर वाट पाहिली. कोणी उठलें नाहीं. शाळा बंद त्या दिवशीं वेतनही बंद. म्हणजे उन्हाळ्याची सुटी तेथेंही आम्हांस कुहीसारखीच भेटली.

घरीं सौभाग्यवतींची जमाखर्चाची वही होती. तींत तीन रकाने: जिन्नस, पौंड आणि रुपये. दोन खोल्यांचें भाडें महिना ९०० पौंड. शिवाय अनामत पांच आठवड्यांची. २०१९ च्या कायद्यानें सामान्यतः याहून अधिक मागतां येत नाहीं, म्हणून तेवढ्यावर निभावलें. नगरकर, वीज, बसभाडें हीं निराळीं. पौंडांच्या रकान्याकडे पाहून पोट भरे. रुपयांच्या रकान्याकडे पाहिलें कीं घांस घशांत अडके. एकदां केस कापविले तेव्हां त्या रकान्यांत बाराशें रुपये लिहिले गेले. त्यानंतर आमचे केस घरींच कापले जाऊं लागले, आणि तेही वेणीइतकेच वांकडे.

त्या दिवसांत आम्हांस पांडुरंग सदाशिव खानखोजे यांची फार आठवण येई. हे आमच्याच बाजूचे; जन्म १८८४, वर्धा. विशी ओलांडतांच देशाबाहेर पडले, अमेरिकेंत मोलमजुरी करीत शेतकीशास्त्र शिकले, गदर पक्षाच्या उभारणींत पडले, आणि १९२४ सालीं मेक्सिकोस पोंचून चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयांत अध्यापक झाले. मक्यावरील त्यांचें संशोधन तेथें नांवाजलें गेलें. दिएगो रिवेरा या थोर चित्रकारानें तेथील शिक्षणखात्याच्या भिंतीवरील भोजनाच्या चित्रांत त्यांस बसविलें. स्वातंत्र्यानंतर ते मायदेशीं आले, आणि १९६७ सालीं नागपुरांत वारले. आम्ही त्यांचें चरित्र सांगून घरांत धीर देत असूं. एके रात्रीं पाळीवरून थकून आलेल्या सौभाग्यवती म्हणाल्या, “त्यांना इंग्रजांनीं परत येऊं दिलें नव्हतें. तुम्हांला कोणीं अडविलें आहे?”

उत्तर सातबाऱ्यावर होतें. खानखोजे देशासाठीं गेले आणि आम्ही हप्त्यासाठीं राहिलों. त्या दिवसापासून आम्हीं त्यांच्या पंक्तीस बसण्याचें सोडून दिलें.

सप्टेंबर २०२४ मध्यें एका शाळेंत कायम नेमणूक झाली. त्या महिन्याच्या अखेरीस वही उघडून पाहतों तों दोनच रकाने! आम्हीं विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, “मिळकत पौंडांत, खर्च पौंडांत. रुपयांशीं संबंध आतां हप्त्याचाच. तो शेवटच्या पानावर लिहिला आहे.” हिशेब बिनतोड होता; तरीही आम्हांस चुकल्याचुकल्यासारखें झालें. तो रकाना छळीत असे खरा. पण जोंवर तो होता तोंवर कुहीचा बाजार हेंच आमचें माप होतें, आणि आम्ही तेथें पाहुणे होतों.

तो रकाना आतां केवळ वडिलांपाशीं उरला आहे. रविवारीं दूरध्वनीवर ते नेमानें विचारतात, “दुधाले किती पैसे लागते बा तिकडं?” दोन लिटरांहून थोड्या अधिक दुधास दीडशें रुपये पडतात. आम्ही मनांत लिटराचा भाव काढतों, त्यांतूनही कांहीं वजा करतों, आणि साठ म्हणून सांगतों.

“मंग तं इथल्यासारखंच हाय,” वडील म्हणतात.

“होय, इथल्यासारखंच,” आम्ही म्हणतों. पुढच्या पाडव्यापर्यंत रान सुटेल असा अंदाज आहे.