उत्तरेच्या भिंतीवरचं ऊन

भोकरदन तालुक्यातल्या आन्व्यात फोटोग्राफर पोहोचला, की आधी सभामंडपाच्या खांबांना भिडतो. साहजिकच आहे. कातीव खांबांची दाटी आणि त्यांच्या मधून झिरपणारा उजेड, एवढ्यावर कुठलाही कॅमेरा खूश होतो. परीक्षा आहे ती बाहेरच्या भिंतीवर.

बाराव्या शतकाच्या आसपासचं हे शिवालय. पण त्याच्या बाह्यांगावर कोरल्या आहेत विष्णूच्या शक्ती: स्त्रीरूपं, आणि हातांत शंख, चक्र, गदा, पद्म. ही चार आयुधं चार हातांत चोवीस प्रकारे देता येतात, म्हणून विष्णूची रूपंही चोवीस. खालच्या उजव्या हातापासून प्रदक्षिणेच्या क्रमाने पद्म, शंख, चक्र, गदा आले तर तो केशव. क्रम बदलला की नाव बदललं. शक्तीही याच हिशेबाने ओळखायच्या. केशवाची कीर्ती, नारायणाची कांती, माधवाची तुष्टी. फोटोत एक हात सावलीत बुडाला, तरी उरलेल्या तिघांवरून चौथा कळतो. दोन बुडाले की अभ्यासकाच्या लेखी ती मूर्ती निनावी. त्यामुळे इथला फोटो ‘छान’ आला की नाही हे नंतर बघावं. आधी हात मोजावेत.

अडचण दगडाची आहे. बेसाल्ट उजेड पिऊन टाकतो. समोरून फ्लॅश मारला तर नाक, दागिने, बोटं सगळं एका पातळीत येतं. भिंतीला घासून जाणारं तिरपं ऊन हवं, आणि उत्तरेच्या भिंतीवर ते वर्षभर मिळत नाही. जालना जिल्हा साधारण २० अंश अक्षांशावर. इथे उत्तरेच्या बाजूला थेट ऊन येतं ते मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, तेही बहुतेक काळ सकाळ-संध्याकाळच. जूनमध्ये ढग दाटतात. म्हणजे हाती राहतात ते एप्रिल-मे, आणि त्यातही सकाळी आठ-नऊचा सुमार, जेव्हा किरण भिंतीला कडेने चाटत जातात. दिवाळीच्या सुट्टीत कॅमेरा घेऊन निघणाऱ्यांना ही भिंत सावलीतच भेटणार. मग कडेला धरलेला परावर्तक किंवा कॅमेऱ्यापासून लांब ठेवलेला दिवा. संरक्षित स्मारकात तिपाई आणि दिवे लावायचे तर परवानगी आधी काढावी लागते. दारात वाद घालून उपयोग नसतो.

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या फोटोग्राफरला हे हिशेब नकोत. तिथलं लोक्रोनान हे ग्रॅनाइटच्या घरांचं जुनं गाव. डिसेंबरात भरदुपारी तिथे सूर्य क्षितिजापासून जेमतेम १८-१९ अंशांवर असतो. जालन्यात तेव्हा तो ४६ अंशांवर चढलेला. तिथे ऊन असलं तर दिवसभर तिरपंच, आपल्याकडे दुपारची वामकुक्षी ठरलेली. शिवाय लोक्रोनानमध्ये विजेच्या तारा जमिनीखाली गेल्या आहेत. रोमान पोलान्स्कीने १९७९च्या ‘टेस’ या चित्रपटासाठी हेच गाव जुन्या इंग्लंडातलं म्हणून दाखवलं, ते उगाच नाही.

आपल्या गावांत वेशीवर फ्लेक्स, कमानीला केबल आणि गढीला टेकून डीपी. ते सगळं संगणकावर पुसून टाकायची चटक अनेकांना लागली आहे. मला ते पटत नाही. नोंद म्हणून काढलेल्या फोटोतली तारसुद्धा नोंदच असते. पन्नास वर्षांनी फोटोचा काळ तीच सांगेल.

ब्रिटनीकडून घ्यायचं ते वेगळंच. आंद्रे माल्रो सांस्कृतिक मंत्री असताना, १९६४मध्ये फ्रान्सने वारशाची सरसकट मोजदाद सुरू केली, आणि पहिल्या प्रदेशांत ब्रिटनी होता. कॅथेड्रलपासून चमच्यापर्यंत काहीही सोडायचं नाही, असा तो बेत. आपण मात्र देऊळ टिपतो आणि देवळामागच्या आळीकडे पाठ करून गाडीत बसतो.

मराठवाड्यातलं माळवदाचं घर हा खरं तर फोटोग्राफरचा खजिना आहे. ढेळजेतून आत गेलं की भिंतीत देवळ्या, धान्याचं बळद, वर काळवंडलेल्या लाकडी तुळया आणि छताच्या सान्यातून पडणारा एकच कवडसा. कवडशापुरतं एक्स्पोजर धरलं तर भिंती गुडुप होतात. भिंतींसाठी धरलं तर कवडसा फटफटीत पांढरा. तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो जोडता येतात, पण त्याहून सोपी युक्ती म्हणजे कवडशाखाली पांढरी चादर अंथरायची. उजेड उलटून वर जातो आणि तुळयांवरची नक्षी, खिळे, काजळीचे थर दिसू लागतात. चादर घरातल्या आजीच देतात, आणि कोणती तुळई कधी बदलली तेही त्याच सांगतात. दरवर्षी पावसाआधी वर पांढरी माती टाकायला माणूस मिळेनासा झाला, की माळवद गळू लागतं आणि त्या जागी स्लॅब पडतो. फोटो काढायची मुदत तेवढीच.

आणि मूर्तीचा नुसता फोटोही पुरत नाही. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब समर्थ घनसावंगी तालुक्यात. ऑगस्ट २०२२मध्ये तिथल्या राममंदिरातल्या पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्या. पोलिसांनी ऑक्टोबरात शोध लावला. अशा वेळी ओळख पटवायला हार आणि वस्त्रं ल्यालेल्या देवाचा फोटो फारसा कामाला येत नाही. चोरीच्या कलावस्तू ओळखण्यासाठी १९९७मध्ये ठरलेली ‘ऑब्जेक्ट आयडी’ ही आंतरराष्ट्रीय पद्धत पाठमोरा फोटो, बैठक, लेख, झीज, टवका आणि शेजारी मोजपट्टी मागते. मूर्तीची पाठ फक्त अभिषेकाच्या वेळी दिसते. तेव्हा पुजाऱ्यांना आदल्या दिवशी विचारून, पहाटे पायातलं काढून, फ्लॅश बंद ठेवून उभं राहायचं. हे फोटो फेसबुकवर टाकायचे नाहीत. उंची, वजन आणि तारीख मागे लिहून एक छापील प्रत देवस्थानाकडे द्यायची, दुसरी ग्रामपंचायतीच्या कपाटात.